लेकीचा कोपरा

पिरनवाडी, बेळगाव
दि. ४ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. मंगलआत्या यांस,
रचनाचा सा. न. वि. वि.

माझे पत्र पाहून तुम्हांला नवल वाटेल. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असे आदर्शनेही मला हसत विचारले. खरे सांगायचे तर फोनवर समोरच्याचा श्वास ऐकू आला की माझे पुढचे वाक्य हरवते. कागद मात्र मी वाक्य जुळवीपर्यंत थांबून राहतो. या माझ्या भावाला एवढे सांगितले असते तर त्याने वर्षभर चिडवले असते, म्हणून तुम्हांलाच सांगते.

काल सगळ्यांच्या घरी घट बसले. आईला जाऊन वर्ष व्हायचे असल्याने आपल्या घरी यंदा सण नाही. दिवाळीतही कढई चढणार नाही, नवे कापड येणार नाही. शेजारच्या मालुबाई परवा आल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी आईकडूनच झंपर शिवून घेतले. त्या म्हणाल्या, नवं कापड आणायला बंदी हाय, जुन्याला सुई लावायला कुणी अडवलंय काय गं? ते वाक्य माझ्या मनात घर करून बसले. आई दर दिवाळीला उरलेल्या खणांतून, जुन्या लुगड्यांतून प्रत्येकासाठी काहीतरी शिवायची. यंदा ते मी करावे असे ठरवले आहे. आदर्शला मोबाईलचा चार्जर वगैरे ठेवायला चंची, तुम्हांला बटवा, तुमच्या सुविधाताईच्या ओमकारला पाटीदप्तराची पिशवी. संकल्प मोठा आहे. हात मात्र पुस्तकाची पाने उलटण्यापलीकडे कशाला सरावलेले नाहीत. दहावीला तालुक्यात पहिली आलेली मुलगी सुईत दोरा ओवताना चष्मा कपाळावर चढवते आणि जीभ बाहेर काढते, हे पाहून आप्पा कित्येक महिन्यांनी हसले. आईचे मशीनही माझे ऐकत नाही. मी पायडल मारले की चाक उलटे फिरते.

एक काम मात्र साधले. पेटीत आईने शिवलेली एक वाकळ सापडली. वर तिचे हिरवे इरकल लुगडे, आत मऊ जुनी लुगडी, आणि धावदोऱ्याच्या ओळी पट्टीने आखल्यासारख्या. फक्त एक कोपरा वीतभर उघडा राहिला होता आणि दोऱ्यासकट सुई तिथेच टोचलेली होती. आजारपणात तिच्या हातून राहून गेले असणार. अपुरे काम मला बघवत नाही. मी ती सुई काढून टाकली आणि कोपरा घट्ट शिवून बंद केला. पाडव्याला ही वाकळ आप्पांना पांघरायला द्यायची आहे.

आता पत्राचे खरे कारण. आत्या, तुम्ही आपल्याकडे यायच्या बंद झालात त्याला सहा वर्षे झाली. का, ते मला कुणी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. चैत्रात आई गेली तेव्हा आलात, पण दाराशीच बसून संध्याकाळच्या गाडीने परतलात. दर भाऊबीजेला आप्पा सकाळी पाट काढतात, पुसतात, त्यावर बसून वर्तमानपत्र वाचतात आणि जेवणवेळ झाली की पाट पुन्हा भिंतीला टेकवून ठेवतात. तेवढा वेळ आई मुद्दाम परसात जाऊन काहीतरी करत बसायची. यंदा परसात जायला मीच आहे. माझ्याने ते होणार नाही. भाऊबीजेला तुम्ही याच.

तुमच्या घरी मामांना नमस्कार. आपल्या लोभाचा दोरा आमच्या बाजूने कधी सैल झाला असेल तर तो तुम्ही ओढून घ्यावा, ही विनंती.

आपली भाची,
रचना

•

निपाणी
१४ ऑक्टोबर

चि. रचना हिला मंगलआत्याचे अ. उ. आ.

पत्र दसऱ्याच्या तोंडावर पोचलं. पोस्टमननं हाक मारली तवा तुझे मामा आतनं वरडले, बघ गं, कोर्टाचं काय आलंय. मारुतीरावांस्नी कागद म्हटला की कोर्टच दिसतंय. सगळी हयात तंबाखूच्या वखारीत गेली, पण भ्या कागदाचं.

आणि मला तुम्ही-आम्ही कशाला गं? पाळण्यातनं काढून मांडीवर घेतली तवा लुगडं भिजवलंस, ते काय तुम्ही म्हणून भिजवलंस व्हय? पुढच्या पत्रात तू म्हण, न्हायतर पाकीट परत धाडीन. शिकलीस त्याचा मला लई अभिमान हाय. पण शिकलेल्या माणसानं आत्याला परकं करू नये.

आता शिवणाचं ऐक. मशीनच्या नादी लागू नकोस, हातानंच शिव. खण आधी पाण्यात बुडवून वाळव, न्हायतर चंची पहिल्या धुण्यात आकसून सुपारीएवढी हुईल. बोटात अंगुस्तान घाल, न्हायतर सुई टोचंल. दोरा हातभरच घे. लांब दोरा घेणारी बाई आळशी असतीया, असं माझी आई म्हणायची, आणि तुझ्या आईला तिनं एकदाबी तसं म्हटलं न्हाय. मला रोज म्हणायची.

वाकळीचं जरा नीट लिही. कोपरा उघडा व्हता म्हणतीस, तर कुठला? पायाकडचा, उजव्या हाताचा काय? सुई दोऱ्यासकट टोचून ठेवल्याली, हे खरं काय? का पडली असंल चुकून? हे सगळं मला पुन्यांदा लिहून कळीव. तवर ती वाकळ तुझ्या आप्पाला देऊ नकोस.

भाऊबीजेचं काय जमायचं न्हाय, पोरी. गुडघा धरलाय. त्यात सुविधा कोल्हापूरहून यायची हाय, तिचा ओमकार पहिलीत गेलाय तवापास्नं घर डोक्यावर घेतोय. तुमच्याकडं कढई न्हाय हे काय मला ठावं न्हाय? फराळाचा डबा बेळगाव गाडीच्या कंडक्टरजवळ देईन. भाऊबीजेच्या सकाळी आदर्शला स्टँडवर लावून दे.

नागोजीला, तुझ्या आप्पाला सांग, पहाटे गार पाण्यानं आंघोळ करू नको म्हणावं. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

माया कागदावर मावत न्हाय, वर राहील तेवढी तुझ्या पदरात घे.

तुझी आत्या,
मंगल

•

पिरनवाडी
२१ ऑक्टोबर

ती. मंगलआत्या हिस,
रचनाचा सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे ‘तुम्ही’ सोडले आहे. लिहिताना वाटले, ‘तू’ हा शब्द इतकी वर्षे ओठांवरच थांबला होता.

शिवणाची हकीकत अशी. खण भिजवला, वाळवला, अंगुस्तान घातले. चंचीचे सगळे कप्पे ओळीने शिवले आणि अभिमानाने उलटून पाहिले, तर तोंडही शिवले गेले होते. आदर्श म्हणाला, असू दे, आता ती उशी म्हणून वापरीन. उसवून पुन्हा शिवते आहे. तुझा बटवा त्या मानाने बरा झाला आहे. थोडा तिरका आहे, पण मनाने सरळ आहे.

आता तू विचारलेस ते. होय, पायाकडचा, उजव्या हाताचाच कोपरा. सुई चुकून पडलेली नव्हती. ती कापडात दोनदा आतबाहेर घालून नीट टोचलेली होती, दोराही ओवलेला. तुझे पत्र आल्यावर मी पेटी तळापर्यंत उपसली. खाली आणखी दोन वाकळी निघाल्या. दोन्हींचा तोच कोपरा उघडा, दोन्हींत तशीच सुई. मी शिवली त्या वाकळीची सुई थोडी गंजलेली होती, मधल्या वाकळीची अधिक, आणि तळाच्या वाकळीची सुई तर गंजून कापडाला अशी चिकटली आहे की निघतच नाही. आत्या, गिऱ्हाइकाच्या झंपराचा शेवटचा हूक लावल्याशिवाय माझी आई जेवायला बसत नसे. तीन वाकळींचा एकच कोपरा विसरणारी बाई ती नव्हती. मग हे काय आहे?

आप्पांना विचारले. त्यांनी वाकळीची घडी नीट केली. मग तुझ्या आईचं काम तिलाच ठावं, एवढेच म्हणून कॅम्पातल्या आपल्या नोकरीच्या शाळेला निघाले. काल रविवार होता. हे त्यांना बसथांब्यापर्यंत गेल्यावर आठवले असावे, कारण परत आले ते हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन, जणू तिच्यासाठीच गेले होते.

वाकळींच्या खाली एक लहान बोचकेही होते. त्यात एक कुंची, टोपरे, चार दुपटी. सगळे जुन्या लुगड्यांचे, हाताला लोण्यासारखे लागते. कुंचीला खणाची कड आणि मागे लाल रेशमाने विणलेला मोर. वेखंडाचा वास अजून आहे. एकदाही कुणाच्या अंगाला लागलेली दिसत नाही. आमच्या घरात तर कुणी तान्हे नव्हते. ही आईने कुणासाठी शिवली असेल, तुला ठाऊक आहे का?

उत्तराची वाट पाहते. तुझी माया तू म्हणालीस तशीच, पदर भरून वर सांडेल अशी राहू दे.

तुझी,
रचना

•

निपाणी
२५ ऑक्टोबर

चि. रचना हिस सुविधाताईचे अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

धपाटा कशासाठी ते पुढे कळेल. उत्तर आईने द्यायचे, पण ती कागद घेऊन बसते, तारीख घालते आणि उठते. म्हणून मीच लिहिते. तुझे पत्र तिने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचले आणि तशीच खाली बसली. चकलीचा पहिला घाणा करपून कोळसा झाला. बाबा डोकावले आणि म्हणाले, या खेपेला खरंच कोर्टाचं आलं काय?

आता नीट ऐक. आपल्या आजीच्या घरची एक रीत आहे. वाकळ घरच्या सुनेने शिवायची, तीन कोपरे बंद करायचे आणि पायाकडचा उजवा कोपरा सुई टोचून उघडा ठेवायचा. तो लेकीचा कोपरा. लेक दिवाळीला माहेरी आली की त्यात फराळाचा एक घास ठेवते आणि आपल्या हाताने शिवून टाकते. मग ती वाकळ कधी उपाशी राहत नाही आणि पांघरणाराही राहत नाही. वाकळ शिवून झाली की जयामामी, म्हणजे तुझी आई, भाऊबीजेला ती आईपुढे आणून टाकायची आणि म्हणायची, घ्या वन्सं, तुमच्याबिगर हिचं तोंड मिटंना. आई म्हणायची, तुझंच मिटत न्हाय, हिचं काय मिटणार? तेव्हा तू कुठे होतीस? माळ्यावर, पुस्तकात नाक खुपसून. फराळाला हाका माराव्या लागायच्या. धपाटा त्यासाठी.

कुंची माझ्या ओमकारची. त्याच्या वेळी बाळंतविडा मामाच्या, म्हणजे तुझ्या आप्पांच्या, घरून आला. मामीने पावसाळाभर बसून हाताने शिवलेला. तान्ह्या अंगाला जुने कापडच लागते, म्हणून तिने आपली सगळ्यांत मऊ लुगडी फाडली होती. माझ्या सासरच्या एक आजीबाई बाळाला बघायला आल्या, बोचके उघडून हसल्या आणि म्हणाल्या, मामाच्या गावात नवं कापड मिळत न्हाय व्हय? चारचौघींत बोलल्या. आईच्या ते वर्मी लागले. तिने बोचके होते तसे बांधले, बेळगाव गाडीच्या कंडक्टरजवळ दिले आणि निरोप धाडला की आमच्याकडं नवं आणलंय, हे तिकडंच असू दे. मी बाळंतिणीच्या खोलीत. मला पुढे कधीतरी कळले. मामीने उलट शब्द पाठवला नाही. तेच आईला भारी पडले. भांडली असती तर आई दुसऱ्या दिवशी जाऊन भांडून आली असती. त्या भाऊबीजेला तोंड कसं दाखवू म्हणून गेली नाही. पुढच्या वर्षी जाणे आणखी अवघड झाले, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून.

जयाने आपले नाव टाकले, असे ती इतकी वर्षे धरून बसली होती. आणि आता तुझ्या पत्रातून कळते की मामी प्रत्येक वाकळीला तिचा कोपरा राखून ठेवत होती.

पण रचना, यातही आई अडली आहे. म्हणते, पोरीनं कोपरा शिवला. तीबी त्या घरची लेकच हाय, तिचा टाका खोटा कसा म्हणू? आता तो कोपरा तिचा. माझं तिथं काय राहिलंय? तू अजाणता शिवलास हे तिला कळते. पण मामीने उघडी ठेवलेली जागा आपण पोचायच्या आत मिटली, हे तिच्या मनातून जात नाही. भाऊबीजेची गोष्ट काढली की गुडघा दाखवते. तो गुडघा काल ओमकारमागे गल्लीभर पळाला.

आता काय करायचे ते तूच ठरव. मी काही सांगून ती ऐकणार नाही. आणि ती कुंची मला हवी. ओमकारच्या कानावरसुद्धा बसणार नाही, तरी हवी. फक्त कंडक्टरजवळ देऊ नकोस.

बोलकी नसलीस तरी पत्रात बोलतेस हे आवडले. तशीच बोलत राहा.

तुझी,
सुविधाताई

•

पिरनवाडी
२८ ऑक्टोबर (स्पीड पोस्टाने)

ती. मंगलआत्या हिस,
रचनाचा सा. न. वि. वि.

सुविधाताईने मला सगळे लिहिले. तिच्यावर रागावू नकोस.

कोपरा मी उसवला आहे. माझे टाके इतके घट्ट होते की एकेक करून ब्लेडने कापावे लागले. शेजारचा आईचा एकही टाका तुटू दिलेला नाही. काढून टाकलेली सुई केरात गेली, ती मात्र मला परत आणता आली नाही.

तू म्हणतेस की मीही या घरची लेक आहे, म्हणून कोपरा माझा झाला. मी यावर पुष्कळ विचार केला. लेक माहेरी येते तेव्हा कोपरा शिवते, अशी रीत आहे. मी अजून या घरातून कुठे गेलेच नाही, मग येऊ कुठून? जी निघालीच नाही तिचा टाका रीतीत बसत नाही. माझी पाळी येईल तेव्हा मी भांडून माझा कोपरा घेईन. आज तो तुझा आहे.

आत्या, आई ज्यासाठी थांबून राहिली ते मी नीटनेटकेपणाच्या हौसेने एका बैठकीत संपवले, हे ओझे आयुष्यभर मला वागवायला लावू नकोस. घरात कढई नाही. वाकळीला भरवायला या घरात एक घाससुद्धा नाही. तो तुलाच तिकडून आणावा लागेल. डबा कंडक्टरजवळ देऊ नकोस. फराळ आणि तू वेगवेगळ्या गाड्यांनी येऊ नका.

आप्पांना मी यातले काही सांगितलेले नाही. रविवारी सकाळी पाट पुसून ठेवीन. त्यावर औक्षण व्हायचे की वर्तमानपत्र वाचले जायचे, हे निपाणीच्या गाडीवर आहे.

दाराशी नव्हे, आत येऊन बसशील या आशेत,
तुझी रचना

•

पिरनवाडी
६ नोव्हेंबर

प्रिय सुविधाताईस,
रचनाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

कोल्हापूरला परत जाताना तू फोनवर बजावलेस की भाऊबीजेचे सगळे लिहून कळव, आईला विचारले तर ती फक्त गर्दीचे सांगेल. म्हणून हे पत्र.

आदर्शला मी फराळाचा डबा आणायला म्हणूनच स्टँडवर पाठवले होते. तो खिडकीखाली उभा राहून कंडक्टरला डबा विचारत होता. कंडक्टर म्हणाला, डबा न्हाय, आत्या हाय, उतरून घे.

आप्पा पाटावर वर्तमानपत्र उघडून बसले होते. मी परसाच्या दारात उभी होते. ना आत, ना बाहेर. आत्याने चपला काढल्या, उंबरा ओलांडला, पिशवी खाली ठेवली आणि पहिले वाक्य बोलली ते असे, की पाटावर फतकल मारून बसायची तुझी खोड अजून गेली न्हाय रं. आप्पांनी वर्तमानपत्र तोंडावरून काढले नाही. त्याच्या मागूनच म्हणाले, गाडीला लई उशीर झाला गं आक्का. आत्या म्हणाली, रस्त्याचं काम चालू हाय. मग आप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते पाटावर सरळ होऊन बसले.

औक्षण झाले. आप्पांनी ओवाळणीसाठी खिशात हात घातला, तर आत्या म्हणाली, ते राहू दे, जयाची वाकळ आण. मी आणली. तिने डबा उघडला, करंजीचा एक कोपरा मोडला आणि वाकळीच्या उघड्या तोंडात सरकवला. हात लगेच बाहेर काढला नाही. आत तसाच ठेवून बसली, ताप बघावा तसा. उसवलेल्या टाक्यांची भोके बोटाने चाचपून तिने विचारले, हे तुझं काय? मी मान हलवली. ती म्हणाली, जयाचा टाकाबी असाच उजवीकडं कलायचा. मी सुई आणायला उठले. 

सुईत दोरा मीच ओवून दिला, चष्मा कपाळावर चढवून. दोरा लांब घेतला म्हणून बोलणीही खाल्ली. मालुबाई कुंपणावरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, जयानं माझा झंपर राखून ठेवला असता तर मीबी रडत आले असते. आत्या म्हणाली, तुझ्या झंपराला दोन वाकळींचं कापड लागतंय, परवडलं नसतं तिला. सगळे हसले. मग आत्या रडली. जेवणानंतर भर उन्हात आप्पा ती वाकळ गळ्यापर्यंत ओढून झोपले. आदर्शने पंखा लावला, तो त्यांनी बंद करायला सांगितला नाही, पण वाकळही काढली नाही.

तुझी कुंची आत्याने नेली आहे. मी तिच्यासाठी पिशवी काढली होती. पिशवीत घातली नाही. गाडीत मांडीवर घेऊन बसली होती, असे आदर्श सांगतो. बटवा कमरेला लावून गेली. तिरका आहे हे तिने पाहिले, पण म्हणाली नाही.

शेवटी एक गोष्ट, ती मात्र आत्याला कळवू नकोस. चहा टाकायला मी आत गेले तेव्हा ती उरलेल्या वाकळींचे कोपरे शिवत होती. काल त्या पेटीत ठेवताना पाहिले, तर मधलीचा कोपरा बंद आहे. तळाची, जिची सुई कापडाला चिकटून बसली होती, तिचा उघडाच आहे. जुनी सुई काढून तिच्या जागी नवी टोचलेली आहे. दोरा ओवून, हातभरच.

तुला ठाऊक आहे, अपुरे काम मला बघवत नाही. मी बराच वेळ पेटीपाशी बसून राहिले. मग वर्षभरात सुईला गंज चढू नये म्हणून तिला खोबरेल तेलाचे बोट लावले, आणि पेटी लावून घेतली.

ओमकारला त्याची पिशवी पुढच्या आठवड्यात पाठवते. तिचे तोंड उघडे आहे, तपासून पाहिले आहे.

तुझ्या धपाट्याला पात्र,
रचना